लोक्कीतलं कोमट पाणी

१

ऑक्टोबर लागला की गावातली माणसं गप्प गप्प होत, आणि एस्को पेल्टोलाच्या अंगात मात्र हुरूप यायचा. सुपीरियर सरोवराच्या त्या खाडीवर उन्हाळ्यापुरते राहायला येणारे डेट्रॉईटचे, शिकागोचे लोक आपापल्या लाँच त्याच्या हवाली करून निघून जायचे. मग धक्का त्याचा, शेड त्याची, आणि कानाशी कुणाची टकळी नाही.

काम सांगायला सोपं. लाँचचं इंजिन तापू नये म्हणून सरोवराचंच पाणी त्याच्या पोटातून खेळवलेलं असतं. उन्हाळाभर हे पाणी इंजिनाला वाचवतं आणि हिवाळ्यात तेच त्याच्या जिवावर उठतं. आत चूळभर पाणी राहिलं तरी ते गोठून फुगतं आणि बोटभर जाडीचं बीड काचेसारखं तडकवतं. म्हणून कडाका पडायच्या आत खालचं बूच काढायचं, भोकात तार घालून गाळ मोकळा करायचा, पाणी शेवटच्या थेंबापर्यंत वाहू द्यायचं, बूच लावायचं आणि वरून अँटिफ्रीझ ओतायचं. गुलाबी असतं ते, आणि गोठत नाही. मागच्या नळीतून गुलाबी धार आली की झालं. एस्को याला ‘इंजिन झोपवणं’ म्हणायचा. त्यानं झोपवलेलं एकही इंजिन आजवर तडकलं नव्हतं.

लग्न त्यानं केलं नव्हतं. कुणी का म्हणून विचारलं तर म्हणायचा, “मी विचारायला गेलो, तर वॉली आधीच विचारून बसला होता.” लोक हसत. तोही हसे. यात खरं किती आणि थट्टा किती, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी त्यानं आपल्या मित्राची, वॉली हुहताची, लाँच मुद्दाम शेवटाला ठेवली. लोक्की तिचं नाव. समुद्रपक्ष्याचं, फिनिश भाषेतलं. ती शेडच्या टोकाला लाकडी घोड्यांवर चढवलेली होती आणि वरून धुरकट पांढऱ्या प्लॅस्टिकनं पुरती झाकलेली होती. आत जायला त्या प्लॅस्टिकला चेनचं दार होतं आणि दाराशी शिडी. सप्टेंबरात वॉली तिच्यातून एकटाच मासे धरायला गेला होता. लोक्की सापडली तेव्हा इंजिन चालू होतं आणि ती रिकामी, संथपणे, गोल गोल फिरत होती. वॉली सापडला नाही. या सरोवराचं पाणी इतकं गार की बुडालेला वर येत नाही, तळाशी तसाच राहतो. हे गावात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी तसं बोलून दाखवत नसे.

२

वॉलीची बायको ऐली हुहता एका सकाळी शेडच्या दारात येऊन उभी राहिली. डोक्याला रुमाल, पायांत नवऱ्याचे रबरी बूट.

“एस्को, झोपवलंस का रे तिला?”

“नाही अजून. बाकीच्या उरकल्या. हीच राहिलीय.”

“घाबरलास की काय?”

“लाँचला कोण घाबरतं?”

“मग हात चालव की. वॉली असता तर एव्हाना तुझ्या मानगुटीवर बसला असता.”

“तो तर तसाही बसायचाच.”

ऐली हसली. महिन्याभरात पहिल्यांदाच. मग जाता जाता म्हणाली, “नीट कर हो. आल्यावर पहिलं तेच विचारेल.”

दुकानातून परत येणाऱ्या माणसाबद्दल बोलावं इतक्या सहज म्हणाली. एस्कोनं पाना उचलला आणि काहीतरी शोधायचं नाटक केलं. ती गेल्यावर तो शिडी चढला, प्लॅस्टिकची चेन उघडून आत गेला, इंजिनावरचं झाकण उचललं. बुचाखाली पाणी धरायला घमेलं ठेवलं आणि बूच फिरवलं.

पाणी आलं. ते यायचंच. घमेलं भरलं, त्यानं ते बादलीत रिकामं केलं. पुन्हा भरलं. पुन्हा रिकामं केलं. या इंजिनात किती पाणी मावतं हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. तेवढं केव्हाच होऊन गेलं होतं. धार मात्र जराही बारीक होत नव्हती. बादल्या संपल्या तेव्हा तो खाली उतरून त्या ओतून आला, परत वर चढला, आणि धार तशीच.

एखाद्या नळीत अडकलं असेल. मागच्या धुराच्या पेटीत साठलं असेल. तळात झिरपलेलं कुठून तरी ओढलं जात असेल. मनाशी असे हिशोब मांडता मांडता त्यानं सहज बोट धारेखाली धरलं आणि झटकन मागे घेतलं.

पाणी कोमट होतं. आत्ताच बंद केलेल्या इंजिनातून यावं तसं.

त्यानं तळहात इंजिनावर ठेवला. बीड थंडगार होतं. बाहेर धक्क्यावरच्या दोरांना हिमाचे कण चिकटले होते.

बऱ्याच वेळानं धार आपोआप थांबली. कमी कमी होत नव्हे, एकदम. कुणीतरी पलीकडून नळ बंद करावा तशी.

३

एस्कोनं बूच लावलं आणि गुलाबी औषध ओतलं. मागच्या नळीतून गुलाबी धार आली. त्यानं ती डोळे भरून पाहिली, स्वतःशीच “झालं” म्हणाला आणि घरी जाऊन सौनात, वाफेच्या खोलीत, बसला. अंग चांगलं शेकून निघेपर्यंत त्याची खात्री पटली होती की हे सगळं आपल्या वयाचं काम. हात बधिर असले की गार पाणीही गरम लागतं. बादल्या मोजायच्या राहिल्या असतील. मित्र गेला की माणसाचं डोकं थोडं हलतंच.

सकाळी तो लोक्कीत डोकावला. बुचाखालचं घमेलं त्यानं कालच कोरडं पुसून ठेवलं होतं. ते काठोकाठ भरलं होतं. बूच घट्ट होतं, त्याच्या कडेनं त्यानं बोटानं दाबून बसवलेली पुट्टीही तशीच होती. घमेल्यातलं पाणी स्वच्छ होतं. त्यात गुलाबी रंगाचा थेंब नव्हता.

त्यानं बूच काढलं. आतून आलं तेही नितळ. ओतलेलं अँटिफ्रीझ कुठे गेलं होतं, देव जाणे.

मग एस्कोनं शहाण्या माणसानं करावं ते सगळं केलं. एकेक नळी सोडवून फुंकून पाहिली. पिण्याच्या पाण्याची टाकी उघडली, ती खडखडीत होती. शेडच्या पत्र्याला गळती आहे का ते बॅटरी मारून बघितलं. लाँचच्या बुडाखाली आडवा होऊन बोटांनी सगळी फळी चाचपली. तिथे, लाकडी घोड्यांच्या मधे पाठीवर पडलेला असताना, त्याला ऐकू आलं.

चुळूक. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा चुळूक.

धक्क्याला बांधलेल्या नावेच्या अंगावर लाट येऊन टेकते, तो आवाज. सरोवर शेडच्या पलीकडच्या भिंतीपासून लांब होतं आणि त्या सकाळी वारा मुळीच नव्हता. आवाज त्याच्या तोंडावरच्या फळीतून येत होता. बाहेरच्या बाजूनं. म्हणजे तो जिथे पडला होता, तिथूनच.

एस्को कुशीवर वळून बाहेर निघाला. कपडे झटकले. कपडे कोरडे होते, हे त्यानं दोनदा पाहिलं.

४

रविवारी दुपारी तो नेहमीप्रमाणे ऐलीकडे गेला. रविवारची कॉफी तिच्याकडे, ही रीत वॉली असल्यापासूनची. तिनं वेलदोड्याचा गोड पाव, निसू, भाजला होता आणि सगळं घर त्या वासानं भरलं होतं. पाव कापताना ती विचारती झाली, “मग? झोपली का बाई?”

एस्कोला खोटं बोलता येत नसे. आणि तिच्यापुढे तर मुळीच नाही.

“त्रास देतीय. पाणी निघत नाही सगळं.”

“तुला? तुला पाणी निघत नाही?”

“म्हातारा झालो.”

“म्हातारा तर तू शाळेत असतानाच होतास.” तिनं त्याच्या पुढ्यात ताटली सरकवली. मग सुरी हातात तशीच धरून म्हणाली, “कसं आहे पाणी?”

“पाण्यासारखं. कसं असणार?”

“गार आहे?”

एस्कोनं पावाचा घास तोंडात टाकला आणि चावत राहिला. ऐली थांबली. त्याला घास गिळावाच लागला.

“कोमट आहे,” तो म्हणाला.

तो वाट पाहत होता की ती रडेल, नाहीतर त्याला वेड्यात काढेल. दोन्हींपैकी काहीही त्याला चाललं असतं. ऐलीनं सुरी खाली ठेवली. तिचा चेहरा सैलावला. पाहुणे गाडीतून सुखरूप उतरल्याचा फोन यावा आणि घरातल्या माणसानं हुश्श करावं, तशी ती खुर्चीत टेकली.

“म्हणजे चालू ठेवलंय त्यानं,” ती म्हणाली.

“ऐली.”

“बरं बाबा, नाही बोलत. कॉफी घे, निवतीय.”

घरी जाताना एस्कोला वाटत राहिलं, आपण हिला उगाच सांगितलं. आणि त्याहूनही खोल कुठेतरी वाटत राहिलं, की हिला हे आधीच ठाऊक होतं.

५

त्यानंतर ऐली रोज शेडवर येऊ लागली. सकाळची कामं उरकली की यायची, लोक्कीच्या खाली खोकं ओढून बसायची आणि मोजे विणायची. एस्को दुसऱ्या लाँचच्या डागडुजीचं काम करायचा. मधेच ती त्याला टोमणे मारायची, मधेच कॉफी ओतून द्यायची. लोखंडी शेगडी धगधगत असायची. खरं सांगायचं तर एस्कोचे ते दिवस बरे गेले. कित्येक वर्षांत कुणी त्याच्या कामाच्या जागी नुसतं त्याच्या सोबतीला म्हणून बसलं नव्हतं. सोबतीला ती त्याच्याच बसलीय असं तो स्वतःला सांगायचा, आणि तिची नजर विणकामावरून उठून वर, पांढऱ्या प्लॅस्टिककडे जायची तेव्हा तो दुसरीकडे बघायचा.

एकदा ती विणता विणता थांबली आणि मान कलती करून ऐकू लागली.

“काय?” एस्कोनं विचारलं.

“काही नाही. तुझं चालू दे.”

“पाण्याचा आवाज येतोय ना?”

“पाण्याचा?” ती त्याच्याकडे दयेनं बघितल्यासारखी बघत राहिली. “तुला नुसतं पाणीच ऐकू येतं होय रे?”

त्या दिवशी रेडिओवर सांगितलं, कॅनडाकडून कडाका उतरतोय, उद्या संध्याकाळपर्यंत खाडी बर्फ धरेल. एस्को रोज सकाळी लोक्कीचं पाणी काढत होता आणि रोज ते परत येत होतं. इंजिनाच्या पोटाशी त्यानं एक जळता दिवा टांगून ठेवला होता, उबेसाठी. एवढ्या थंडीत त्या दिव्याचा काही उपयोग नव्हता.

“उद्या बूच काढणार आणि उघडंच ठेवणार,” तो पाठमोरा असतानाच म्हणाला. “दिवाही काढणार. पाणी आलं तर येऊ दे, गोठलं तर गोठू दे. तडकलं तर तडकलं.”

“तू इंजिन तडकू देणार?”

“हे एक देणार.”

“तो लोक्कीवर आहे, एस्को.”

“तो तळाशी आहे!” एस्को एकदम ओरडला. एवढ्या वर्षांत तो तिच्यावर कधी ओरडला नव्हता. त्याचा आवाज पत्र्यावर आपटून परत आला. मग हळू म्हणाला, “तो तळाशी आहे, ऐली. मी त्याला तुझ्याइतकाच ओळखत होतो.”

ऐलीनं लोकर गुंडाळली, सुया पिशवीत खोचल्या. रागावलेली दिसली नाही. जाताना तिनं त्याच्या दंडावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला, आणि म्हणाली, “तू भला माणूस आहेस. तू नेहमीच भला होतास.”

ते शब्द त्याला रात्रभर टोचत राहिले.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी तो धक्क्यावर गेला होता. नळाचं पाणी कडाक्याआधी बंद करायला हवं होतं. चावी गंजलेली, तिनं छळलं. परतला तेव्हा शेडच्या बाहेर ऐलीची गाडी उभी होती आणि आत खोक्यावर कुणी नव्हतं. लोक्कीच्या प्लॅस्टिकची चेन आतून ओढून बंद केलेली होती.

“ऐली? खाली ये. वर पाय घसरतात.”

उत्तर आलं नाही. आलं ते इंजिन सुरू होताना करतं ते घरघरणं. एकदा, दोनदा, धरलं नाही. मग धरलं.

एस्कोनं आधी भिंतीकडे पाहिलं. लोक्कीची बॅटरी तिथे बाकावर होती, त्यानंच काढून ठेवलेली, दोन्ही टोकांना ग्रीस फासलेली. टाकीत पेट्रोल नव्हतं. पेट्रोलच्या धुराचा वास शेडमध्ये मुळीच नव्हता, हे त्याच्या नाकानं त्याला बजावून सांगितलं. इंजिन मात्र चालत होतं. वॉली ते जसं चालवायचा तसंच, जरा जास्त हवा देऊन, ज्यावरून एस्कोचं त्याच्याशी नेहमी वाजायचं.

तो शिडीशी गेला. एक पाय पायरीवर ठेवला.

बाहेर सूर्य कलला होता आणि शेडच्या या बाजूला तो मुळीच येत नसे. तरीही ते पांढरं प्लॅस्टिक आतून उजळलं होतं. दुपारच्या उघड्या पाण्यावरचा उजेड असतो तसा, हलता, डोळ्यांत जाणारा. त्यावर दोन सावल्या होत्या. मागच्या फळीवर बसलेली ऐली, रुमालाचं टोक वाऱ्यानं उडत होतं. पुढे सुकाणूच्या चाकाशी कुणीतरी उभं होतं, एक खांदा पाडून. त्या पाडलेल्या खांद्यावरून एस्कोनं त्याला हजार माणसांत ओळखलं असतं. फक्त, उभ्या माणसाच्या अंगावरून पाणी गळत होतं. थांबतच नव्हतं. बाह्यांतून, कोपरांतून, हनुवटीवरून, आणि त्या धारांच्या सावल्या प्लॅस्टिकवरून खाली ओघळत होत्या.

ऐली काहीतरी म्हणाली. शब्द कळले नाहीत. मग ती हसली, मोकळी, लग्नाआधी हसायची तशी.

इंजिनाचा आवाज चढला. मग तो लांब जाऊ लागला. लाँच एस्कोच्या डोळ्यांसमोर घोड्यांवर जशीच्या तशी होती, तिची एक फळी हलली नाही. आवाज मात्र निघाला. खाडीच्या तोंडाशी असावा इतका लहान झाला, मग भूशिराला वळसा घातल्यावर होतो तसा दबका, आणि मग तो ऐकू येतोय की आठवतोय हे सांगता येईना. प्लॅस्टिकवरचा उजेड विझला.

एस्को तेव्हा वर चढला. चेन उघडली. आत कुणी नव्हतं. फळ्या कोरड्या होत्या. इंजिनाशी टांगलेला दिवा विझलेला होता. त्यानं बूच सोडवलं, आणि भोकातून जाड, थंड, गुलाबी धार आली.

७

शेरीफच्या कचेरीतला डेप्युटी मर्ल तरुण होता आणि एस्कोला लहानपणापासून ओळखत होता. त्यानं शेड पाहिली, लाँच पाहिली, ऐलीच्या गाडीचं इंजिन हात लावून पाहिलं. माणसं किनाऱ्यानं दिवे घेऊन फिरली. खाडी तोवर धरली होती, कोवळं, काळं बर्फ एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत अखंड पसरलं होतं. त्याला कुठेही भोक नव्हतं. मर्लला त्याचंच कोडं पडलं होतं.

“पाण्यात गेली असेल तर बर्फ धरायच्या आधी,” तो म्हणाला. “पण धक्क्यावर तर तुम्ही होतात.”

“होतो.”

“आणि शेडमध्ये तुम्ही काय ऐकलंत?”

एस्कोनं सांगितलं. सगळं, जसं घडलं तसं. मर्लनं मधे टोकलं नाही. ऐकून झाल्यावर त्यानं टोपी काढून केसांतून हात फिरवला आणि फार हळुवारपणे, आजारी माणसाला विचारावं तसं विचारलं, “तुम्ही वर का नाही गेलात, एस्को? ती बोलत होती तेव्हा. शिडीवर तर पाय होता तुमचा.”

“भ्यालो,” एस्को म्हणाला.

मर्लनं मान डोलावली. हे त्याला समजण्यासारखं होतं. त्यानं एस्कोला घरापर्यंत सोडलं, चुलीत लाकडं घातली, सकाळी येतो म्हणाला.

तो गेल्यावर एस्को स्वयंपाकघरात कोट न काढताच बसून राहिला. मर्लशी तो खोटं बोलला होता. भीती त्याला लोक्कीच्या बुडाखाली वाटली होती, घमेल्यापाशी वाटली होती. शिडीपाशी मुळीच नाही. लग्न झाल्यापासून ऐली आणि वॉली पाण्यावर निघाले की आधी धक्क्यावरून एक हाक यायचीच, कधी तिची, कधी त्याची, ‘एस्को, येतोस का रे?’ आणि तो हातातलं काम टाकून जायचा.

पायरीवर पाय ठेवून, शिडीला धरून, तो तिथे त्या हाकेची वाट बघत उभा होता. इंजिनाचा आवाज चढला तेव्हाही. तो लांब जाऊ लागला तेव्हाही. अगदी ऐकू येईनासा होईपर्यंत तो कान देऊन उभा होता.

दोघांपैकी कुणीच हाक मारली नाही.